स्कारबरोत बघण्यासारखं बरंच आहे

काल दुपारी तुमच्या ऑफिसातून एक खोकं आलं. तुमच्या टेबलाचे खण रिकामे करून कुणीतरी सगळं नीट रचून पाठवलं होतं. चष्म्याचं जुनं घर, दोन टाय, डोक्याला लावायच्या बामची बाटली, आपल्या मंजिरीचा शाळेच्या गणवेशातला फोटो, आणि तळाशी विलायतेतल्या स्कारबरोचं ते माहितीपत्रक. मला वाटलं होतं, ते तुम्ही केव्हाच फेकून दिलं असेल. आठ वर्षं ऑफिसात जपून ठेवलंत. घरी आणलं नाहीत, कारण घरी आणलं असतंत तर मी त्याचे तुकडे केले असते, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. अजून लोक येतात. ऑफिसातले येतात, तुमच्या संगमेश्वरकडचे ड्रायव्हर आणि सुतार शुक्रवारी सगळे मिळून एका व्हॅनमधून आले. सगळे एकच सांगतात. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. शांत माणूस. मी चहा देते आणि ऐकून घेते. परवा एकजण म्हणाला, "वहिनी, देवमाणूस गेला हो." तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात तुम्हाला चार शब्द सुनावले. बाहेर त्यांना वाटलं, मी रडतेय. खालच्या मजल्यावरच्या हसीनाभाभी धावत आत आल्या, पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडा वैनी, रडून घ्या." मी रडत नव्हते. भांडत होते. तुम्ही उत्तर देत नव्हतात, पण त्यात नवीन काय?

तेव्हा तुमच्याबद्दल चांगलं लिहायला मी बसलेली नाही. चांगलं सांगायला व्हॅनभर माणसं आहेत. आणि त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला स्कारबरोत ऐकलेलं नाही.

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर निळाशार समुद्र आहे. असा निळा समुद्र त्या गावात सहा दिवसांत एकदाही दिसला नाही. आत 'बघण्याच्या आणि करण्याच्या गोष्टी' अशी यादी आहे, एक ते बावीस. तुम्ही प्लांटमधले व्हॉल्व्ह तपासताना करायचात तशा लाल पेनने शेजारी खुणा केल्या आहेत. बघितलं, बघितलं, पावसामुळे राहिलं. आणि यादीच्या खाली, छापलेलं नाही ते, तुमच्या तिरक्या अक्षरात: '२३. शाळा. गुरुवार, ११ वाजता.' हे मात्र निळ्या शाईत आहे, आगगाडीच्या वेळा लिहिल्यात त्याच शाईत, त्यांच्याच शेजारी. म्हणजे बहारीनहून निघण्याआधीच लिहिलंत. मला काल कळलं.

मला तुम्ही काय सांगितलं होतंत? "कंपनीने यंदा विलायतेची तिकिटं दिली आहेत. दरवर्षी गावीच जातो. एकदा समुद्रकाठी हवापालट करून येऊ." समुद्रकाठी! समुद्राच्या मध्यावर राहणाऱ्या बाईला तुम्ही समुद्र दाखवायला निघाला होतात. माझा जन्म साताऱ्याचा. लग्न होईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता, आणि लग्न झाल्यावर तुम्ही मला दुसरं काही पाहू दिलं नाहीत.

बहारीनला येताना तुम्ही म्हणाला होतात, तीन वर्षं. मी कराडच्या शाळेतली नोकरी सोडली ती त्या तीन वर्षांच्या भरवशावर. पहिली तीन नईम मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत गेली, पुढची तीन तिथेच, मग तुम्हाला प्रमोशन मिळालं आणि आपण अदलियाला वरच्या मजल्यावर आलो. दर वेळी मी विचारायचे, कधी जायचं? दर वेळी तुम्ही म्हणायचात, "इंशाल्ला, पुढच्या वर्षी." अरबाच्या तोंडी तो शब्द चांगला वाटतो. तुमच्या तोंडी तो मला दार लावून घेतल्यासारखा वाटायचा.

आपण भांडायचो ते दबक्या आवाजात. हसीनाभाभी श्रीवर्धनच्या. त्यांना आपला शब्द न् शब्द कळायचा, आणि त्यांच्या घरचा एसी बंद असला की आपला श्वाससुद्धा खाली ऐकू जायचा. म्हणून सगळं दातओठ खाऊन, कुजबुजत. मंजिरी आतल्या खोलीत इंग्रजी पुस्तक घेऊन बसलेली असायची. ती आपल्याशी इंग्रजीतच बोलायची, आपण मराठीत विचारलं तरी. मला वाटायचं, तिचं लक्षच नाही.

तुमच्या मनात काय शिजत होतं ते मला ठाऊक नव्हतं असं मात्र म्हणणार नाही. अर्धं ठाऊक होतं. साहेब लोकांच्या मुलांना कंपनी विलायतेत बोर्डिंगला ठेवते, सुट्टीला विमानाने आणते, हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही त्यांच्या ग्रेडला पोचलात, तेव्हा तुम्ही तेच मागितलंत. एकट्याने. बाकीच्या हिंदी लोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं. दीड वर्ष अर्ज करत होतात. ऑगस्टच्या उकाड्यात टाय बांधून साहेबाच्या केबिनबाहेर उभे राहायचात. एकदा घरी येऊन म्हणालात, "आज तो म्हणाला, तुम्हा लोकांना मुलं जवळ ठेवायची सवय असते. मी म्हटलं, सवय आमची, हक्क कुणाचा?" त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला होता. तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्हाला फक्त ते मिळवायचं आहे. मिळाल्यावर वापराल, असं वाटलं नाही.

आणि स्कारबरोच का? कारण साहेब तिथला आणि त्याच्या दोन्ही मुली तिथल्याच शाळेत. हेही मला नंतर कळलं.

त्या गेस्ट हाउसच्या बाईचा नियम आठवतो? सकाळी नाश्ता झाला की दहाला बाहेर पडायचं, संध्याकाळी पाचपर्यंत परत यायचं नाही. पाऊस असो, काही असो. पहिल्या सकाळी मी नाश्त्याला खाली उतरले, तर तिने माझ्या साडीकडे पाहून तुम्हाला विचारलं, मिसेस दररोज हेच नेसणार का? दुसरी पाहुणे मंडळी बघत होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तुम्ही टोस्टला लोणी लावत होतात, मान वर न करता म्हणालात, "नाही. उद्या यापेक्षा चांगली नेसणार आहे." आणि दुसऱ्या दिवशी मला पेटीतली हिरवी नारायणपेठ काढायला लावलीत. गार वाऱ्यात मी ती नेसून दिवसभर कुडकुडले. पण नेसले. हे एक तुमच्या बाजूला लिहून ठेवते. पुढे वाचू नका लगेच, त्या बाजूला आणखी फार काही नाही.

दहा ते पाच काय करणार? यादी करणार. यल्ला, यल्ला, चला चला म्हणत तुम्ही पुढे, मी मागे, मंजिरी मध्ये. पहिला नंबर किल्ला. दोन खाड्यांच्या मध्ये उंच सुळक्यावर पडका किल्ला. अजिंक्यताऱ्याखाली वाढलेल्या बाईला तुम्ही किल्ला दाखवायला विमानाने आणलंत. मी तसं म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "बघ तरी आधी." मग रुळांवरून कड्याच्या उतारावर वरखाली करणारा तो डबा. बंदरावरचा दिवा. खालच्या वाळूत गाढवांच्या पाठीवर फेऱ्या मारणारी मुलं. प्रत्येक गाढवाच्या कपाळपट्टीवर त्याचं नाव. मंजिरी एका गाढवावर बसली, तेव्हा तुम्ही तिच्या बाजूने चालत होतात आणि तिच्याशी काहीतरी बोलत होतात. मी लांब कापडी खुर्चीत बसले होते. मला वाटलं, पडू नये म्हणून धरलंय.

बंदरावर कुर्ल्या विकत होते. उकडलेल्या, थंडगार, वर व्हिनेगर. तुम्ही एक बशी घेतलीत, पहिला घास खाल्लात आणि तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. "यांना कुणीतरी तिरफळं नेऊन द्या रे," म्हणालात आणि सगळी बशी संपवलीत. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या करड्या पाण्यात शिरलात. म्हणे, खाडीकाठी वाढलेला माणूस मी, मला काय होतंय. पहिल्या लाटेला जी बोंब मारलीत, ती वरच्या रस्त्यापर्यंत गेली. म्हातारी माणसं वळून बघायला लागली. मंजिरी वाळूत बसून पोट धरून हसत होती. मीही हसले. तुम्ही पाण्यातून वळून पाहिलंत, मी हसतेय का ते बघायला. त्या सहा दिवसांत मी एवढंच हसले, आणि ते तुम्हाला दिसलं याचा मला कित्येक वर्षं राग होता.

कारण बाकी वेळ आपण भांडलो. तिथे मराठी कुणाला कळत होती? मोठ्याने भांडा, रस्त्यात भांडा, बाकावर बसून भांडा. आठ वर्षांचं साचलेलं सगळं मी त्या किनाऱ्यावर ओतलं. माझी आई साताऱ्याला एकटी आहे. माझी नोकरी गेली. पोरगी इंग्रज होत चालली. तुम्हीही कमी नव्हतात. शांत माणूस! तुमचा आवाज गाढवंवाल्यापेक्षा मोठा होता. "मग मी काय हौस म्हणून राहतो वाळवंटात?" असं ओरडलात, तेव्हा शेजारच्या बाईने तिची खुर्ची उचलून लांब नेली. मंजिरी चार पावलं पुढे चालत होती, हातात गुलाबी साखरेची कांडी. ती मागे वळून बघत नव्हती.

गुरुवारी तुम्ही टाय बांधलात. मी विचारलं, आज यादीत काय आहे? तुम्ही म्हणालात, "एक जुनी इमारत आहे, बघण्यासारखी." खोटं नव्हतं. इमारत जुनी होती, बघण्यासारखीही होती. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मंजिरीचा हात हातात घेतला, तिच्या नावाचा उच्चार दोनदा विचारून घेतला. आपल्याला वर्ग दाखवले, वाचनालय दाखवलं, पियानो दाखवला. मग वरच्या मजल्यावर झोपायची खोली. सहा खाटा, सहा कपाटं, खिडकीतून समुद्र. त्या बाईंनी मला विचारलं, "मुलीला काही खायला चालत नाही का?" मी म्हटलं, "का?" आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

तिथे मी काही बोलले नाही. तेवढं मला वळण आहे. फाटकाबाहेर आल्यावर बोलले. त्या कड्यावरच्या पायवाटेवर मी तुम्हाला काय काय म्हटलं ते आता लिहीत नाही. मंजिरीला पुढे पाठवलं होतं, पण वारा तिच्याच दिशेने होता. शेवटी मी म्हटलं, "माझी मुलगी मी देणार नाही. तुम्हाला साहेबाची बरोबरी करायची आहे तर स्वतः जाऊन राहा त्या खाटेवर." तुम्ही टाय सैल केलात. मग म्हणालात, "ठीक आहे. नको तर नको. मला मिळालं, तेवढं पुरे."

तुम्ही असं म्हणालात. तुमचे शब्द आहेत, मी बदललेले नाहीत. त्या संध्याकाळी मी नीट जेवले.

शुक्रवारी मी बाहेर पडले तरी कुठे फिरले नाही. समुद्रासमोरच्या आडोशाला बसून आईला पत्र लिहीत बसले. तुम्ही मंजिरीला घेऊन त्या बागेतल्या तळ्यावर गेलात. एकोणिसावा नंबर, लहान लहान लढाऊ जहाजांची लढाई. आत माणसं बसून ती जहाजं चालवतात, तोफा उडवतात, धूर काढतात, आणि काठावर बसलेले लोक टाळ्या वाजवतात. दोन तासांनी परत आलात. मंजिरी आइस्क्रीम खात होती. तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात, बसलासुद्धा नाहीत, आणि म्हणालात, "मी ठरवलंय. सप्टेंबरपासून मंजिरी इथे शिकणार. खलास."

मी म्हटलं, "काल काय म्हणालात?"

"काल म्हणालो. आज ठरवलं."

"एका दिवसात शब्द फिरवता?"

"हो," तुम्ही म्हणालात. "निर्णय माझा आहे."

मी मंजिरीला विचारलं, तुला हवंय का हे? तिने तुमच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, बाबा म्हणतात तसं. मला वाटलं, तुम्ही तिला पढवून आणलंत.

सप्टेंबरमध्ये तुम्ही तिला पोचवायला निघालात, तेव्हा मी विमानतळावर आले नाही. हसीनाभाभी आल्या, त्यांचे मिस्टर आले. मी घरीच थांबले, पीठ मळत. मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, म्हणाली, "आई, यल्ला, बाय." मी मागे वळले नाही. हात पिठाचे होते, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण तुम्ही गाडीजवळ उभे होतात आणि मला तुमचं तोंड बघायचं नव्हतं. तुमच्यावर राग काढताना मी तिला निरोप दिला नाही. हे तुम्हाला आयुष्यभर बोलून दाखवायला मिळालं असतं. तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

पुढची आठ वर्षं मी तुम्हाला सुखाने जगू दिलं नाही. हे मी कबूल करते. मंजिरीच्या खोलीत झोपायला लागले. तुम्ही पुन्हा विलायतेला निघालात की मी साताऱ्याचं तिकीट मागायचे, महिनाभर राहून परत यायचे. "हिच्या बाबांनी मुलगी देऊन टाकली," असं मी तुमच्या देखत पाहुण्यांना सांगायचे. शुक्रवारी तुम्ही मला गाडीतून विमानतळाजवळच्या अरादला न्यायचात. किल्ल्याजवळ गाडी उभी करून आपण विमानं उतरताना बघायचो. तुम्ही शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवायचात, मी घ्यायचे नाही, तुम्ही सोलून दाणे मधल्या जागेवर ठेवायचात. मंजिरी सुट्टीला यायची. पहिल्या वर्षी तिला शाळेत मॅन्डी म्हणायला लागले. दुसऱ्या वर्षी तिला भाकरी जड व्हायला लागली. प्रत्येक सुट्टी संपली की मी तुम्हाला तेच म्हणायचे, "बघा, काय केलंत माझ्या मुलीचं." आणि तुम्ही दर वेळी तेच म्हणायचात, "हो. निर्णय माझा होता." त्यात ना राग, ना पश्चात्ताप. त्या शांतपणाचा मला संताप यायचा. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंतीला काही तरी होतं.

शेवटच्या सकाळीही तेच झालं. मंजिरीचं पत्र आलं होतं, शिक्षण संपलं की ती तिथेच नोकरी बघणार. मी पत्र तुमच्या ताटाशेजारी टाकलं आणि म्हटलं, "घ्या. गेली तुमची मुलगी कायमची. तुम्ही घालवलीत." तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत, म्हणालात, "हो." बूट घातलेत आणि शिफ्टला गेलात. दुपारी ऑफिसचा फोन आला.

मंजिरी तिसऱ्या दिवशी पोचली. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे. सगळे विधी तिने आपल्या हातांनी नीट केले, भटजी जे सांगतील ते. तुम्हाला मुलगा नाही म्हणून कुणीतरी चुळबुळ केली, तेव्हा ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, मी आहे ना. तुमचा आवाज होता अगदी.

पण मराठी तिची तिथेच थांबली आहे. अकरा वर्षांच्या मुलीची मराठी. घरी एवढे लोक येतात म्हणून ती माझ्याशी मराठीतच बोलायचा प्रयत्न करते, आणि एकोणीस वर्षांच्या बाईच्या तोंडून ते लहान पोरीचे शब्द येतात. परवा सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात लसूण सोलत होतो. एक बाई भेटून नुकत्याच गेल्या होत्या, आणि मी सवयीने म्हणाले, "सगळे देव करून ठेवतात त्यांना. तुला त्यांनी घराबाहेर काढलं, हे कुणाला सांगू?"

मंजिरीने सुरी खाली ठेवली. "आई, बाबांनी मला बाहेर नाही काढलं. मीच म्हटलं."

"तू लहान होतीस. तुला पढवलं होतं."

"नाही. बाबांनी विचारलं होतं. गाढवावर विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. मग त्या बोटी बघायला गेलो ना, तिथे मी त्यांना म्हटलं, मला जायचंय."

"का?"

तिने एकेक मराठी शब्द शोधला. मग म्हणाली, "तू बाबांना म्हणालीस ना, त्या रस्त्यावर, शाळेच्या बाहेर. ही पोरगी नसती तर मी कधीच साताऱ्याला गेले असते. मला ऐकू आलं. तू घरी पण म्हणायचीस, हळू आवाजात. मला सगळं ऐकू यायचं. मला वाटलं, मी गेले की तू आजीकडे जाशील. तुला सुट्टी होईल."

माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "पहिल्या टर्मला मी बाबांना पत्रात विचारलं, आई गेली का? दुसऱ्या टर्मला पण विचारलं. तू गेलीच नाहीस. मग मला वाटलं, उगाच आले."

मला ते वाक्य आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण मी म्हटलं असणार. त्या दिवसांत मी ते येता-जाता म्हणायचे. बोलायची एक पद्धत असते, तसं. त्या सबंध गावात आपल्याशिवाय मराठी कळणारं एकच माणूस होतं, आणि आपण दोघं त्याच्या चार पावलं मागून ओरडत चाललो होतो.

मी विचारलं, "बाबांनी मला का सांगितलं नाही?"

"मी त्यांच्याकडून प्रॉमिस घेतलं होतं. आईला सांगायचं नाही. तू रडली असतीस."

"अकरा वर्षांच्या पोरीला दिलेलं प्रॉमिस आठ वर्षं पाळतं का कुणी?"

"बाबांनी पाळलं," ती म्हणाली, आणि मग लहानपणी रडायची तशी, ओठ आत घेऊन रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. आठ वर्षांपूर्वी घ्यायला हवं होतं तसं, लसणाच्या हातांनी.

आता तुम्हाला विचारते. तुम्हाला काय वाटलं, मला हे पेलवलं नसतं? मी मोडून पडले असते? पडलेही असते. मग उठले असते, पुढच्या विमानाने जाऊन तिला घेऊन आले असते, तिच्यासमोर बसून सांगितलं असतं की बाळा, ते खरं नव्हतं, तुझ्यामुळे मी अडकले नाही, तुझ्यामुळे मी इथे टिकले. हे तिला अकराव्या वर्षी ऐकायला मिळायला हवं होतं. एकोणिसाव्या वर्षी, तुम्ही गेल्यावर, नको होतं. तुम्ही मला वाचवलंत असं तुम्हाला वाटत असेल. माझी चूक तुम्ही तुमच्या अंगावर घेतलीत आणि माझ्या सगळ्या शिव्या खाऊन रोज शिफ्टला जात राहिलात. ही काही छोटी गोष्ट नाही. पण त्यामुळे आठ वर्षं मी भलत्याच माणसाशी भांडले, आणि जिच्यापाशी जायला हवं होतं, तिच्यापासून लांब राहिले. एवढा मोठा निर्णय तुम्ही एकट्याने घेतलात. स्कारबरोचा नव्हे. तो तर तुमचा नव्हताच. हा दुसरा, गप्प राहण्याचा. तो खरा तुमचा.

दुसरी कुणी असती तर इथे तुमचे आभार मानून, क्षमा मागून मोकळी झाली असती. माझ्याने आज होत नाही. क्षमा मला मागायची आहे, पण ती ऐकायला तुम्ही समोर असायला हवं होतं, पेपरमधून मान वर काढून, "काय म्हणालीस?" असं मला दोनदा म्हणायला लावून. तुम्ही तेवढाही वेळ दिला नाहीत. "हो" म्हणालात आणि बूट घातलेत.

मंजिरीचं विमान गुरुवारी आहे. आज सकाळी तिने विचारलं, "आई, तू येशील? तुझं तिकीट काढू?" तिच्याच मराठीत, अगदी हळू, हसीनाभाभींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

मी तिला उत्तर दिलं आहे. काय दिलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. आता तुम्ही वाट बघा.